घर पाहावं आवरून

सकाळचे साडेनऊ वाजलेत. कोथरूडमधल्या एका बंगल्याच्या दिवाणखान्यात सतरंजी अंथरली आहे आणि माळ्यावरची एकेक वस्तू शिडीवरून खाली येते आहे. तांब्याचा बंब. तीन पुरणयंत्रं. दोन सोरे, त्यातल्या एकाच्या चकत्या हरवलेल्या. पाळण्याच्या चार साखळ्या. पाळणा कधीच कुणाला तरी देऊन झालेला. आकाशकंदिलाचा बांबूचा सांगाडा. कापडात गुंडाळलेला काळाकुळकुळीत वरवंटा. एका ट्रंकेत सासूबाईंची नऊवारी लुगडी, डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट.

घरातले काका पंच्याहत्तरी ओलांडलेले. खुर्चीत वही घेऊन बसलेत. वहीत तीन रकाने आखलेत: ‘ठेवायचं’, ‘द्यायचं’, ‘मोडीत’. तासाभरात पहिल्या रकान्यात एकोणीस वस्तू झाल्या. ‘मोडीत’च्या रकान्यात एकच, सुतळीचा गुंता.

“अहो, असू दे ते. लागेल कधीतरी,” काकू म्हणतात.

“अगं, सातशे फुटांत चाललोय आपण. कुठे ठेवणार?”

शिडीवर उभी असलेली मुलगी दोघांकडे बघते आणि वरवंटा अलगद सतरंजीवर ठेवते. त्यावर सध्या कुणीच काही बोलत नाही.

‘लागेल कधीतरी’ या दोन शब्दांवर मराठी घरांचे माळे उभे आहेत. ज्यांनी रेशनच्या रांगा पाहिल्या, पतपेढीचं कर्ज काढून आणि बायकोच्या बांगड्या गहाण ठेवून घर बांधलं, त्या पिढीला वस्तू टाकणं कधी शिकवलंच गेलं नाही. तीच पिढी आता मोठं घर सोडून लहान घरात निघाली आहे. पुण्यात कोथरूड, डेक्कन, प्रभात रस्ता. नाशकात कॉलेज रोड, नागपुरात धरमपेठ, सांगलीत विश्रामबाग, कोल्हापुरात राजारामपुरी. घराघरातलं चित्र साधारण सारखं असतं. चार खोल्या खाली, तीन वर, राहणारी माणसं दोन. वरच्या खोल्या फक्त झाडायला उघडतात. मुलगा परदेशात, मुलगी दुसऱ्या गावी. गुडघे जिना नको म्हणतात. बागेतली पानं गोळा करायला माणूस मिळत नाही, आणि रात्री गच्चीवर काही वाजलं तर बघायला कोण जाणार हा प्रश्न रोजचा.

२०११च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं १० कोटी ३८ लाख होती, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के. महाराष्ट्रात हे प्रमाण देशाच्या सरासरीहून जास्त, दहा टक्क्यांच्या जवळपास होतं. त्यानंतर बरीच वर्षं लोटली आहेत. साठीपुढच्या माणसांसाठी घर कसं असावं, हा प्रश्न आता थोड्या लोकांपुरता राहिलेला नाही.

मुंबईकर वाचकाला यातलं ‘लहान घर’ हे दुःख थोडं चमत्कारिक वाटेल, आणि ते रास्तही आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळींत १९२०च्या दशकापासून १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या राहिल्या. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या तेव्हा त्यांच्या लेखी तो महालच होता. लहान-मोठं हे फुटांवर ठरत नाही, आधी कुठे राहत होतो यावर ठरतं. सातशे फुटांचं घर बंगल्यातून येणाऱ्याला खुराड्यासारखं भासतं आणि चाळीतून येणाऱ्याला ऐसपैस. म्हणूनच लहान घरात जाण्याची खरी तयारी नव्या घरात होत नाही. ती जुन्या घरात, त्या सतरंजीवर होते.

पुण्याला हे आवरणं तसं नवं नाही. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं आणि मुठेच्या काठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. कित्येक वाडे बसले, कित्येक खचले. वाड्याचं घर म्हणजे दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, माजघर, धान्याचं बळद, भिंतीतली फडताळं, कोनाडे, मागे परसू. यातलं बरंच एका दुपारी गेलं. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या आणि चौकातलं कुटुंब एकदम दोन खोल्यांत आलं. तिथे काय न्यायचं हे पाण्याने ठरवलं होतं. जे भिंतीवर उंच टांगलेलं होतं ते वाचलं. पुढे वाडे पडले आणि इमारती झाल्या, तेव्हा जातं, उखळ, मोठ्या पराती, घंगाळी यांची पुन्हा एकदा चाळण झाली. आज कोथरूडच्या माळ्यावरून जे खाली येतंय, ते अशा एक-दोन चाळण्यांतून उरलेलं आहे. ते टाकताना हात अडखळतो त्याचं हेही एक कारण.

पुराने निवड करू दिली नाही, हे ज्यांच्या घरावर ते संकट आलं त्यांच्या तोंडून अजूनही ऐकायला मिळतं. आज पूर नसतो, पण निवड हातून जाण्याच्या दुसऱ्या वाटा आहेत. न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं आणि दवाखान्यातून माणूस परत येतो तो थेट मुलाच्या घरी. किंवा दोघांतलं एक जण जातं. मग परदेशातून मुलगा दहा-बारा दिवसांच्या रजेवर येतो, त्यातले निम्मे कार्यात जातात आणि उरलेल्या पाच दिवसांत पन्नास वर्षांचं घर रिकामं करायचं असतं. टेम्पो येतो, भंगारवाला येतो. कुठल्या डब्यात आजीची नथ चिंध्यांत गुंडाळून ठेवली होती हे सांगणारं माणूस आता नसतं. मुलाचा यात काही दोष नसतो, त्याच्याकडे पाचच दिवस असतात.

लहान घरात जायचंच असेल तर हातीपायी धड असताना आणि आपल्या हाताने जावं, हे म्हणणं मांडायला एवढं पुरेसं आहे. वस्तूची गोष्ट ज्याला माहीत आहे, त्यानेच ती वस्तू कुणाच्या हातात द्यायची ते ठरवावं. त्यासाठी सहा महिने लागतात, कधी वर्ष. हा वेळ वाया जात नाही. कित्येक घरांत आई-वडील आणि मुलं यांच्यात इतक्या निवांत गप्पा त्याआधी वीस वर्षांत झालेल्या नसतात.

सुरुवात टेपने करावी, आणि मोजावं ते नवं घर. ‘सातशे फूट’ म्हणजे नक्की कुठले सातशे, हे आधी विचारायला हवं. २०१६च्या रेरा कायद्याने ‘कार्पेट एरिया’ची व्याख्या पक्की केली आहे. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि खासगी गच्ची सोडून घरात जी वापरायची जागा उरते ती. आतल्या खोल्यांमधल्या भिंती मात्र त्यात धरतात. करारात हे क्षेत्रफळ बहुधा चौरस मीटरमध्ये असतं. १०.७६ने गुणलं की फूट मिळतात. ६५ चौरस मीटर म्हणजे ७०० फुटांच्या किंचित खाली. मग नकाशावर पेन्सिलीने एकेक वस्तू मांडायची. गोदरेजचं जुनं लोखंडी कपाट साडेसहा फूट उंच आणि तीन फूट रुंद. अशी दोन कपाटं आणि सागवानी पलंग दहा बाय अकराच्या खोलीत मांडून बघितले की दार पूर्ण उघडत नाही हे कागदावरच कळतं, सामान आल्यावर दारात उभं राहून कळण्याची वेळ येत नाही. पलंग लिफ्टमध्ये मावतो का हेही बघावं. मावला नाही तर तो जिन्याने चढवावा लागतो आणि त्याचे हमाल वेगळे पैसे घेतात.

वयाच्या दृष्टीने घर पाहायचं तर फुटांपेक्षा दारं महत्त्वाची. ज्येष्ठांसाठी म्हणून जे गृहप्रकल्प विकले जातात त्यांच्यासाठी महारेराने २०२४मध्ये नियमावली आणली. व्हीलचेअर जाईल अशी किमान ९०० मिलिमीटरची दारं, न्हाणीघरात धरायला दांडे, न घसरणाऱ्या फरशा, उतारवाटा, लिफ्ट अशा गोष्टी तिच्यात आहेत. साध्या इमारतीत घर घेणाऱ्यानेही ही यादी हातात धरून हिंडायला हरकत नाही. बहुतेक इमारतींत न्हाणीघराचं दार सगळ्यात अरुंद असतं, आणि म्हातारपणी सगळ्यात जास्त गरज नेमकी त्याच दाराची पडते. उंबरठा हाही आपल्याकडचा नाजूक विषय. हळदीकुंकवाचा उंबरा असावा असं काकूंना वाटतं, पाय अडखळू नये असं डॉक्टरांना वाटतं. कोथरूडच्या या घराने त्यावर काढलेला तोडगा असा: मुख्य दाराला पाव इंचाची संगमरवरी पट्टी, आत कुठेच काही नाही.

आता वस्तूंकडे. हे प्रकरण लांबतं, आणि लांबावं.

तांब्या-पितळेची भांडी मोडीत दिली की वजनावर जातात. जो भाव मिळतो तो धातूचा. ठोक्यांचे, कलाकुसरीचे, शंभर वर्षांचे पैसे कुणी देत नाही. म्हणून मोडीत देण्याआधी दोन ठिकाणी विचारावं. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथे भांड्याला पुन्हा झळाळी आणता येते, आणि एखादं घंगाळ नातसुनेच्या बाल्कनीत झाडासाठी का होईना, पण घरात राहतं. दुसरं ठिकाण नात्यातलं. नव्याने संसार मांडणाऱ्या मुलींना हल्ली पितळेची कढई, लोखंडी तवा, दगडी पाटा पुन्हा हवासा वाटू लागला आहे. विचारलं तर त्या आनंदाने नेतात. विचारायचा संकोच मात्र सोडायला हवा.

घरातली जुनी वस्तू किती मोलाची असू शकते हे बघायचं असेल तर शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एकदा जाऊन यावं. दिनकर केळकरांनी १९२०च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, दौती, कुलपं, फण्या. राजवाड्यांइतकंच साध्या घरांतलं सामान. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचं नाव त्यांनी संग्रहाला दिलं आणि पुढे सगळा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी उचलून आणले आणि संग्रहालयातल्या एका दालनात उभे केले. एक आख्खा महाल एका खोलीत मावला, कारण कुणीतरी वेळेवर ठरवलं की यातलं काय जपायचं. प्रत्येक घरातला अडकित्ता संग्रहालयात जाणार नाही, हे खरं. पण त्याच्याकडे पाच मिनिटं नीट बघायची सवय लागली तरी पुष्कळ झालं.

कपड्यांचं गणित सोपं. जुन्या साड्या घेऊन बदल्यात भांडी देणारी बोहारीण पेठांमधून आता क्वचितच दिसते. पण मऊ झालेल्या सुती लुगड्यांच्या गोधड्या शिवून देणाऱ्या बायका गावोगावी आहेत. सासूबाईंच्या नऊ लुगड्यांच्या चार गोधड्या होतात, चार नातवंडांना एकेक. जरीची जुनी पैठणी किंवा शालू विकण्याआधी जर खरी चांदीची आहे का ते तपासून घ्यावं. चांगल्या स्थितीतले रोजचे कपडे ‘गूंज’सारख्या संस्थेला देता येतात. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेमार्फत जुनं सामान आणि ई-कचरा वेगळा गोळा होतो. बंद पडलेला रेडिओ, तीन मोबाइल, डझनभर चार्जर यांची जागा तिथे. ओल्या-सुक्याच्या डब्यात नाही.

पुस्तकांनी मात्र डोळ्यांत पाणी येतं. दिवाळी अंकांचे गठ्ठे, बांधून घेतलेली मासिकं, ज्ञानकोशाचे खंड, मुलांची शाळेतली बक्षिसाची पुस्तकं. ग्रंथालयांना ही देणगी हवीच असते असा बऱ्याच जणांचा समज असतो, पण त्यांनाही जागेची अडचण आहे आणि त्याच पुस्तकाच्या दोन प्रती त्यांच्याकडे आधीच असतात. पोतं भरून नेलं आणि नकार ऐकला की माणूस दुखावतो. आधी यादी करावी, यादी पाठवावी, ज्याला जे हवं ते त्याने निवडावं. उरलेली अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांकडे किंवा गावाकडच्या शाळेला. शाळेला देताना मुलांनी वाचावीत अशीच द्यावीत. १९८४चं आयकर मार्गदर्शन कुठल्याच शाळेला नको असतं.

कागदपत्रांत एक गठ्ठा असा निघतो की जो कुणालाच वाचता येत नाही. वळणदार, एकसंध, रेघेला लटकलेली अक्षरं. मोडी. पणजोबांचं खतपत्र असेल, सावकाराचा हिशेब असेल, देवस्थानाची सनद असेल. असे मोडीतले कागद मोडीत जाऊ नयेत, एवढी काळजी जरूर घ्यावी. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१०मध्ये इतिहासाचार्य राजवाडे यांच्या पुढाकाराने सुरू झालं, आणि तिथल्या दप्तरखान्यातले कित्येक कागद घराघरातूनच आलेले आहेत. मोडी वाचणारे जाणकार आज बऱ्याच शहरांत मिळतात. ओळीचा अर्थ कळला की काही वेळा कागद साधाच निघतो, आणि काही वेळा घराण्याला आपलं गाव नव्याने सापडतं.

आणि फोटो. त्यांना वेळ द्यावा. अल्बममधल्या माणसांची नावं फक्त आईला माहीत असतात. फोटो स्कॅन करणं सोपं आहे, कुठलंही दुकान करून देतं. पण मागे पेन्सिलीने ‘माई आत्या, मिरज, वास्तुशांत’ असं लिहायचं काम आज झालं नाही तर ते कायमचं राहतं.

कोथरूडच्या घरात व्हिडिओ कॉलवर सून म्हणाली होती, “आई, माझ्यासाठी काही ठेवू नका. इकडे आणणार कसं?” काकूंना ते लागलं. त्यांनी तिच्यासाठी चांदीची करंडी आणि सतरा वाट्या बाजूला काढल्या होत्या. दोन दिवसांनी सुनेनेच परत फोन केला. वाट्या नकोत, पण तुमच्या हाताने लिहिलेली मसाल्यांच्या प्रमाणांची वही द्याल का? ती वही काकू स्वयंपाकघरातला कचरा समजत होत्या. आपण काय मोलाचं मानतो आणि मुलं काय मोलाचं मानतात यात एवढं अंतर असतं, आणि विचारल्याशिवाय ते कळत नाही.

मुलीचं दुखणं वेगळंच. घर विकायचं म्हटल्यावर मुलगा बाजारभाव विचारतो; लेकीच्या मनात येतं की आता माहेरपणाला यायचं कुठे? आई-वडील असतात तिथे माहेर, हे खरं आहे. तरी तिची उंची पेन्सिलीने नोंदवलेली दाराची चौकट, जाईचा मांडव, बाळंतपणातली ती खोली हेही माहेरच असतं. शहाणी घरं नव्या जागेत एक दिवाण तरी लेकीसाठी ठेवतात, आणि जाईची एक फांदी कुंडीत लावून नेतात. फांदी पावसाळ्याच्या सुरुवातीला लावली तर धरते.

लेकीची सही लागते ती मात्र भावनेपोटी नाही. बंगला आजोबांच्या नावावर असेल आणि वारसनोंद राहून गेली असेल तर गिऱ्हाईक आल्यावर धावपळ होते. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क महाराष्ट्राने १९९४मध्येच दिला, देशभर तो २००५मध्ये आला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये त्याबद्दलचा घोळ मिटवला. तेव्हा आत्यांना आणि बहिणींना आधी बोलवावं, समोर बसवून सांगावं. हक्कसोडपत्राचा कागद पोस्टाने पाठवला की सही येते, पण माणूस दुरावतं.

पैशांचा हिशेब वरवर दिसतो त्याहून बरा असतो. घर विकून झालेल्या दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर २३ जुलै २०२४पासून साडेबारा टक्के कर आहे. त्याआधी घेतलेल्या मिळकतीसाठी महागाईचा निर्देशांक धरून वीस टक्क्यांचा जुना हिशेबही करता येतो. ज्यात कर कमी पडेल तो घ्यायचा. घर २००१च्या आधीचं असेल तर खरेदीची किंमत म्हणून १ एप्रिल २००१ची बाजारकिंमत धरता येते, त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा दाखला लागतो. साडेबारा टक्क्यांच्या हिशेबाचं उदाहरण घेऊ. २००१ची किंमत २० लाख, आज विक्री दोन कोटींना. नफा एक कोटी ऐंशी लाख. त्यातल्या एक कोटी वीस लाखांचं लहान घर घेतलं तर तेवढ्यावर सूट. ही सूट मिळण्यासाठी नवं घर विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांच्या आत घ्यावं लागतं, बांधणार असाल तर तीन वर्षांत, आणि ते तीन वर्षं विकायचं नसतं. उरले साठ लाख. त्यातले पन्नास लाख सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी रोख्यांत पाच वर्षांसाठी गुंतवले की त्यावरही कर नाही. कर लागला तो दहा लाखांवर, म्हणजे सव्वा लाख आणि वर उपकर. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६पासून लागू झाल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत, त्यामुळे व्यवहाराआधी सनदी लेखापालाकडे एक फेरी हवीच. नव्या घराचा खर्च धरताना पुण्यातलं सात टक्के मुद्रांक शुल्क विसरू नये. घर पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतलं तर त्यात एक टक्का सवलत आहे.

इथे एका मोहापासून सावध करायला हवं. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला, मुलीला किंवा नातवंडांना बक्षीसपत्राने द्यायचं तर मूळ मुद्रांक शुल्क जेमतेम २०० रुपये आहे, २०१५पासून. ‘तुमच्या मागे कशाला कटकट, आताच नावावर करून टाका’ असा आग्रह त्यामुळे सहज होतो. पण राहतं घर हातचं सोडण्याआधी पुढचा विचार केला पाहिजे. द्यायचंच असेल तर आमची देखभाल करायची ही अट बक्षीसपत्रात शब्दांत लिहावी. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार अट मोडली गेली तर न्यायाधिकरणाकडे जाऊन ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं, पण अट लिहिलेली नसेल तर वाट फार बिकट होते. मृत्युपत्र हा जास्त निवांत मार्ग आहे. त्याला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात आणि ते कितीही वेळा बदलता येतं.

आणि विकायलाच हवं असंही नाही. साठीपुढच्या मालकाने राहतं घर बँकेकडे तारण ठेवून त्यातून महिन्याला रक्कम घ्यायची, हयातभर त्याच घरात राहायचं, ही उलट तारणाची योजना २००७पासून आहे. आपल्याकडे ती रुजली नाही, कारण घरावर कर्ज ठेवून जाणं या पिढीच्या स्वभावात नाही. ज्यांना मूलबाळ नाही त्यांनी तिची चौकशी जरूर करावी. दुसरा उपाय घाई टाळणारा: बंगला लगेच विकायचा नाही, हव्या त्या भागात लहान घर अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने घ्यायचं आणि एक पावसाळा तिथे काढायचा. घर मानवलं नाही तर परतीची वाट उघडी असते.

भाग निवडताना मुलाच्या जवळ की आपल्या माणसांच्या जवळ, हा पेच प्रत्येक घरी येतो. मुलगा दिवसभर कामावर असतो. सकाळच्या फिरण्यातला कट्टा, ज्येष्ठ नागरिक संघातली शनिवारची सभा, नाव न सांगता औषध काढून देणारा दुकानदार, उधारीवर पालेभाजी ठेवून जाणारी मावशी ही माणसं रोज लागतात. जमलं तर घर लहान करावं, पण पिनकोड बदलू नये. कोथरूडच्या काका-काकूंनी तेच केलं. मुलगी ठाण्याला बोलवत होती, ते बंगल्यापासून सव्वा किलोमीटरवर गेले. तिसरा मजला, दोन बेडरूम, पूर्वेला बाल्कनी.

देवांचा प्रश्न त्यांनी शेवटी सोडवला. सागवानी देवघर चार फुटांचं होतं, नव्या घरात त्याला भिंतच नव्हती. कुलदैवताचे टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि शंख एवढे लहान देव्हाऱ्यात आले. देवघर धाकट्या दिरांकडे गेलं. गौरी-गणपतीही यंदापासून त्यांच्याकडे. काकू आदल्या दिवशी पुरण वाटायला तिकडे जातील.

नव्या घरात पहिले पंधरा दिवस रात्री उठल्यावर काकांचा हात डाव्या भिंतीवर दिव्याचं बटण शोधायचा. बटण उजवीकडे होतं. शेवटी पलंगाची दिशा बदलली, खिडकी जुन्या खोलीतल्यासारखी पायाशी आणली आणि हात आपोआप जागेवर गेला. ज्यांना विसरायला होतं अशा वृद्धांसाठी तर हे फार महत्त्वाचं असतं. पलंग, घड्याळ, पाण्याचा तांब्या, चष्म्याची जागा जुन्या खोलीसारखीच मांडावी.

पाटा वीस किलोचा, तो भाच्याच्या शेतावरच्या घरी गेला. वरवंटा मात्र काकूंनी कुणालाही न विचारता कपड्यांच्या बॅगेतून आणला होता आणि सिंकखालच्या कप्प्यात ठेवला होता. काकांच्या वहीत तो कुठल्याच रकान्यात नाही.

मार्गशीर्षात एका संध्याकाळी दाराची बेल वाजली. पाचव्या मजल्यावरची तरुण मुलगी दारात उभी होती. तिच्या वहिनीच्या बाळाचं बारसं रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये होतं. पाळणा भाड्याने मिळाला, फुलं सांगून झाली, पण पाळण्याखालून-वरून द्यायला गोप्या म्हणून वरवंटा हवा आणि अख्ख्या इमारतीत सगळ्यांकडे मिक्सर. “काकू, तुमच्याकडे असेल का हो?”

काकूंनी तो काढला, धुतला, पुसला, खणाच्या तुकड्यात गुंडाळला. वर तेल-हळद लावायची कशी ते सांगितलं. रविवारी रात्री तो परत आला, सोबत घुगऱ्यांची वाटी. वाटी रिकामी परत करायची नसते. म्हणून सोमवारी दुपारी काकांनी स्टुलावर चढून नव्या घराच्या लहानशा माळ्यावरून सोऱ्या खाली काढला, चकत्या पूर्ण असलेला.